पेल्यावरच्या दोन टिचक्या

द्राक्षमळ्यांच्या त्या सगळ्या टापूत तिला नाकवाली म्हणत. नाक म्हणाल तर चारचौघींसारखंच, किंचित बसकं. पण त्या नाकानं काय काय करून दाखवलं होतं! तरुणपणी ती बाटल्यांवर लेबलं चिकटवायच्या कामाला होती. एकदा मालकानं गंमत म्हणून तिच्यापुढे पेला धरला. तिनं हुंगला आणि म्हणाली, "ह्या पिंपाशेजारी कुणीतरी रॉकेलचा डबा ठेवलाय." मालक हसला. हसत हसतच तळघरात गेला आणि डबा हातात घेऊन, न हसता वर आला. लेबलांचं काम त्या दिवशी सुटलं ते सुटलंच; मालकानं तिला चाखणीवर घेतलं.

पुढे तिनं लग्न केलं ते द्राक्षांचा ट्रक चालवणाऱ्याशी. दोघांनी मिळून एक जुनी छोटी बस घेतली, खिडक्यांना पडदे शिवले आणि धंदा मांडला. सकाळी शहरातून पाहुणे भरायचे, घरच्या घरी वाईन बनवणाऱ्या तीन कुटुंबांकडे फिरवायचे, दिवस कलला की परत आणून सोडायचे. ती बोलायची, तो चालवायचा. "घरीसुद्धा हीच वाटणी आहे," तो आरशातून पाहुण्यांना सांगे. स्वतः मात्र वाईनचा थेंब घेत नसे.

आणि बोलायची तरी कशी! बसच्या दारात एका हातानं दांडी धरून ती उभी राहिली की पडदा वर गेल्यासारखं वाटे. मागच्या बाकावर रुसून बसलेला नवरा असो की कंटाळलेली सासू, माना वर व्हायच्याच. आवाज चढवायची नाही, पण शेवटच्या रांगेपर्यंत शब्दन् शब्द पोचायचा. कुठे थांबायचं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तळघराच्या दाराशी आली की ती वळायची, आवाज खाली आणायची, आणि सगळी मंडळी आपोआप एक पाऊल पुढे सरकायची.

दोन हिवाळ्यांमागे ती तापानं आडवी झाली. ताप उतरला, पण जाताना तिचं नाक घेऊन गेला. साबण, माती, कांदा, नवऱ्याचा शर्ट, कशालाच वास उरला नाही. तिनं कुणाला सांगितलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही. नाकवालीचं नाकच गेलं म्हटल्यावर मागे राहिलं काय? नुसती वाली! मग नजर गेलेला नट जसा पाठ झालेल्या पावलांवर अख्खा अंक निभावून नेतो, तशी ती आठवणीवर बोलत राहिली. ह्या घरची लाल म्हणजे जांभूळ, त्या घरची पांढरी म्हणजे ओलं गवत. मंडळी माना डोलवायची.

पकडलं एकानंच. तिसऱ्या घरच्या म्हाताऱ्यानं. सगळे त्याला बाबा म्हणत. पाठीत इतका वाकलेला की चालताना नजर स्वतःच्या बुटांवर, आणि स्वभावानं भारी खट्याळ. त्यानं एकदा थट्टेनं तिच्या हातात व्हिनेगरचा पेला दिला. तिनं डोळे मिटून हुंगला आणि सांगितलं, "पिकलेलं जर्दाळू." बाबा हसले नाहीत. पेला हळूच काढून घेतला आणि एवढंच म्हणाले, "कधीपासून गं पोरी?"

पुढच्या फेरीला बाबा फाट्यावर कोट घालून उभे! "मी पण पाहुणा," म्हणत बसमध्ये चढले आणि दाराजवळच्या एकट्या सीटवर बसले. ते त्यांचं रोजचंच झालं. प्रत्येक घरी त्यांच्यापुढे एक पेला जास्त मांडला जायचा. ते एक घोट घ्यायचे आणि काचेवर नखानं टिचकी मारायचे. एक टिचकी म्हणजे चोख आहे, बोल बिनधास्त. दोन म्हणजे थांब, बिघाड आहे. पाहुण्यांना वाटे, म्हाताऱ्याचा चाळा. असे दोन हंगाम तिनं बाबांच्या नाकानं श्वास घेतला.

उन्हाळ्यात बाबा गेले. झोपेतच.

आणि आज ह्या हंगामातली पहिली फेरी होती. नाकवालीला रात्रभर डोळा लागला नव्हता. आज कुठल्याही घरी, कुठल्याही घोटाला तिचं पितळ उघडं पडणार होतं. त्यात दुसऱ्या रांगेत एक चष्मेवाला बसला होता. वाईन चाखण्याचा रीतसर वर्ग करून आलेला. बस सुटायच्या आधीच त्यानं तिला सांगून टाकलं, "बाई, तुमच्या नाकाचं फार ऐकलंय. आज परीक्षाच घेणार!"

"घ्या की," ती म्हणाली. "पण नापास झाले तर बसभाडं परत मागायचं नाही."

सगळे हसले. तिनं मात्र तोंड रस्त्याकडे फिरवलं.

फाटा आला. धुकं अजून वेलींच्या कमरेपर्यंत होतं. नवऱ्यानं बस थांबवली आणि दार उघडलं. बाहेर चिटपाखरू नव्हतं. गार हवा आत आली.

"का थांबलात?" तिनं हळूच विचारलं.

"चुकून. हाताला सवय."

पण दार त्यानं लगेच लावलं नाही. वाकलेल्या माणसाला दोन पायऱ्या चढून यायला जेवढा वेळ लागतो, तेवढं थांबला. आणि दाराजवळच्या त्या रिकाम्या सीटची स्प्रिंग कण्हली. ती जुनीच खोड होती तिची. बसताना लांबलचक कण्हायची, उठताना तुटक कुरकुरायची. आता ती लांबलचक कण्हली होती. नवरा समोर रस्त्याकडे बघत होता. नाकवालीनं दांडी घट्ट धरली आणि पाहुण्यांना धुक्याबद्दल काहीतरी सांगायला सुरुवात केली. काय सांगितलं ते तिला नंतर आठवलं नाही.

पहिलं घर दोघी जावांचं. दोघींची वाईन एक, स्वयंपाकघर एक, पण बरीच वर्षं एकमेकींशी अबोला. बोलायचं ते पाहुण्यांमार्फत.

"हिला सांगा, एक पेला जास्त मांडलाय," थोरली नाकवालीला म्हणाली.

"हिला सांगा, मला मोजता येतं," धाकटी म्हणाली. "बाबांचा आहे. मांडून झाल्यावर लक्षात आलं. आता मांडलेला उचलायला हात धजत नाही."

पेला टेबलाच्या कोपऱ्यावर राहिला. धाकटीनं त्यातही ओतली. चष्मेवाल्यानं आपला पेला गोल फिरवला, नाक आत घातलं, आणि तिच्याकडे वळला. "हं, बाई. पहिला वास कसला?"

तिनं पेला उचलला. नाकापाशी फक्त काचेचा गारवा. आठवणीतलं जांभूळ जिभेवर आलंच होतं, इतक्यात तिनं ऐकलं.

टिंग. टिंग.

कोपऱ्यावरच्या पेल्याजवळ कुणी नव्हतं. सगळ्यांत जवळचा माणूस हातभर लांब, आणि तोही खिशात हात घालून उभा. कुणीच मान वळवली नाही. आवाज तिच्या एकटीसाठी होता.

"नाही सांगणार," ती म्हणाली. आवाज आपला आहे की नाही, तिला कळेना. "ही बाटली बिघडलीय. दुसरी उघडा."

थोरलीचा चेहरा लाल झाला. तिनं तिथलाच पेला ओढून हुंगला, आणि इतक्या वर्षांचा अबोला विसरून थेट जावेवर ओरडली, "अगं, ह्याला तर ओल्या पुठ्ठ्याचा वास मारतोय! बूच सडलंय!"

"मग बघत काय बसलीस, दुसरी आण ना!"

दोघी एकदम थबकल्या. आपण बोललो हे दोघींनाही एकाच वेळी कळलं.

"मलाही तीच शंका होती," चष्मेवाला म्हणाला. "बाई, मानलं तुम्हाला."

निघताना धाकटी पेले गोळा करत होती. कोपऱ्यावरचा पेला तिनं उजेडात धरला. "हा कुणी उष्टावला? भरून ठेवला होता मी." पेल्यातली वाईन एका घोटाएवढी उतरलेली होती, आणि काठाला ओठाचा पुसट ठसा होता.

दुसऱ्या घरी बाप आणि लेक राहत. तिथेही एक पेला जास्त निघाला. लेकीनं जीभ चावली, "अय्या, बसमधले बाबा तर..." आणि तिथेही नाकवालीनं ऐकलं. ह्या वेळी एकच टिचकी, स्वच्छ, घुंगराच्या दाण्यासारखी. मग ती बोलली. जीव तोडून बोलली. मंडळी पेले हातात धरून ऐकत राहिली, प्यायचं विसरून.

बसमध्ये परत चढताना नवऱ्यानं तिच्याकडे निरखून पाहिलं. "काय गं, पायरी चुकलीस. प्यायलीस की काय?"

"थेंबसुद्धा नाही."

"तेच म्हणतो. न पिता एवढी पांढरी कशी पडलीस?"

तिनं दांडीला हात घातला. दिवसभर तिनं त्या एकट्या सीटकडे पाठ केली नव्हती, आणि तोंडही केलं नव्हतं. भीती होती, पण त्या भीतीच्या आत एक विचित्र ऊबही होती. सोबतीला कुणी असल्याची.

तिसरं घर उतारावर. तळघर टेकडीच्या पोटात खणलेलं. वरच्या अंगणातून दगडी पायऱ्या खाली उतरतात, आणि पार मागे, खालच्या अंगणात, पिंपं गडगडत बाहेर काढायला एक रुंद दार आहे. दाराशी आल्यावर नाकवाली नेहमीसारखी वळली, आवाज खाली आणला.

"ह्या दिवसांत आत रस आंबत असतो. आंबताना तो एक वायू सोडतो. त्याला रंग नाही, रूप नाही. हवेपेक्षा जड, म्हणून वर येत नाही. जमिनीवर पाण्यासारखा साचून राहतो. त्यात माणूस बुडतो, आणि आपण बुडतोय हे त्याला कळतही नाही. म्हणून ह्या घरचे बाबा मेणबत्ती घेऊन पुढे चालायचे. ज्योत विझली की मागे फिरायचं. इतके वाकलेले होते बाबा, की मी म्हणायची, मेणबत्ती रस्त्याला नाही, त्यांच्या गुडघ्यांना उजेड दाखवते."

हा विनोद ती दोन हंगाम करत आली होती. आजही लोक हसले.

बाबांची सून पुढे आली. डोळ्यांखाली काळं, पण हसून म्हणाली, "या मावशी. हे आत्ताच खाली गेलेत, वाईनचा जग भरून आणायला. बाबांची मेणबत्ती घेऊन गेलेत. सकाळपासून वीज नाही ना, हवा बाहेर काढायचा पंखाही बंद आहे."

बाबांचा मुलगा म्हणजे ताडमाड माणूस. बापाच्या वाकण्याचा हिशेब जणू लेकाच्या उंचीत चुकता झाला होता. नाकवालीनं दारातून डोकावलं. खाली अंधारात, पिंपाच्या माथ्यावर मेणबत्ती उभी होती. ज्योत सरळ, निवांत. माणूस मात्र दिसत नव्हता.

"अरे पोरा!" तिनं हाक मारली.

उत्तर नाही.

"असेच आहेत हे," सून म्हणाली. "पिंपाजवळ गेले की कान बंद. अगदी बाबांवर गेलेत."

"चला की बाई," मागून चष्मेवाला म्हणाला. "काय घमघमाट सुटलाय! वेड लागेल माणसाला."

तिला घमघमाट येत नव्हता. बाकी सगळ्यांना तो आत ओढत होता, ती एकटीच कोरडी उभी होती. तिनं पहिल्या पायरीवर पाऊल ठेवलं.

टिंग. टिंग.

अगदी कानाशी. दाराच्या आतल्या बाजूला खिळ्यावर सुतळीनं बाबांचा पेला उपडा टांगलेला होता, त्यांच्या मागे कुणी हात न लावलेला, धुळीनं पांढरा झालेला. आणि तो किंचित झुलत होता.

टिंग. टिंग. ह्या वेळी जोरात. थांब म्हणाले ते कळलं नाही का, असं दटावल्यासारखं.

तिनं दोन्ही हात पसरून दार अडवलं. "कुणी पुढे यायचं नाही."

"का? मेणबत्ती तर पेटलीय की!" चष्मेवाला म्हणाला.

"पेटलीय," ती म्हणाली. आणि मग तिला दिसलं. दोन हंगाम जे बघून ती विनोद करत आली, ते आत्ता पहिल्यांदा दिसलं. बाबांच्या हातात ज्योत गुडघ्यापाशी असायची, कारण बाबा वाकलेले होते. खाली धरा, असं त्यांनी कुणाला कधी सांगितलं नाही. सांगायची वेळच आली नाही, त्यांच्या पाठीनंच ते ठरवून टाकलं होतं. लेकानं बापाची मेणबत्ती घेतली आणि धरली आपल्या छातीशी. पिंपाच्या माथ्यावर ठेवली आणि खालच्या तोटीतून जग भरायला वाकला.

"दुसरी मेणबत्ती आण," ती सुनेला म्हणाली. "पळ!"

मेणबत्ती पेटवून ती उतरू लागली. कमरेत वाकून, हात पार खाली सोडून, थेट बाबांसारखी. वरून बघणाऱ्या सुनेच्या तोंडून एक अस्फुट आवाज निघाला. काही पायऱ्या ठीक गेल्या. मग ज्योत बुटकी झाली, पिवळ्याची निळी झाली, आणि कुणी चिमटीत धरून मालवावी तशी गेली. धूरसुद्धा वर आला नाही, पाण्यावर तेल पसरावं तसा आडवा पसरला. आणि पलीकडे, उंचावर, दुसरी ज्योत शांत जळत होती, जणू काहीच झालेलं नाही.

पिंपांच्या मधून एक बूट दिसत होता. टाच वर.

ती फिरली आणि त्या बाईनं आयुष्यात पहिल्यांदा आवाज चढवला. "अहो! मागचं दार! खालच्या अंगणातलं! दार सताड उघडा, मग श्वास धरून आत जा, हवा खेळल्याशिवाय वाकू नका!"

ज्याला ती आयुष्यभर 'किती हळू चालवता' म्हणत आली, तो माणूस उतारावरून धावत सुटला. त्याच्या मागे चष्मेवाला, चष्मा हातात घेऊन.

सून खाली झेपावली. नाकवालीनं तिला कमरेला मिठी मारून धरलं.

"सोडा मला मावशी! ते आत आहेत!"

"नाही सोडणार. तू पण आत गेलीस तर मी कुणाला काय सांगू?"

दोघी पायरीवर बसल्या, एकमेकींना धरून. खाली मागच्या दाराचा अडसर वाजला. धक्का. शिव्या. परत धक्का. मग करकरत दार उघडल्याचा आवाज आला, आणि पिंपावरची ज्योत इतक्या वेळात पहिल्यांदा हलली. अदृश्य पाणी वाहून चाललं होतं. मग काहीतरी जड ओढल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच नाही. इतका वेळ, की सुनेनं तोंडात पदर कोंबावा तशी स्वतःची मूठ कोंबली.

आणि मग कुणीतरी खोकलं. फाटक्या, ओल्या, ओंगळ आवाजात. कुठल्याही संगीतापेक्षा गोड असं ते खोकणं होतं.

"आहे!" खालून नवऱ्याची आरोळी आली. "शिव्या देतोय, म्हणजे आहे!"

मुलाला खालच्या अंगणातल्या कट्ट्यावर बसवलं. गोधडीत गुंडाळलेला तो ताडमाड माणूस थरथरत होता. पाहुण्यांतल्या कुणी पाणी आणलं, कुणी पाठ चोळली. डॉक्टरला निरोप गेला. नाकवाली त्याच्याजवळ येऊन बसली.

"मावशी," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "मेणबत्ती जळत होती. तरी तुम्हाला कसं कळलं? वासावरून?"

तिनं सगळ्यांकडे पाहिलं. चष्मेवाला उभा होता, नवरा उभा होता. आता काय लपवायचं?

"मला वास येत नाही," ती म्हणाली. "दोन वर्षं झाली. तुझे बाबा माझ्यासाठी हुंगायचे."

चष्मेवाल्यानं हातातला चष्मा डोळ्यांवर चढवला आणि तिच्याकडे नीट पाहिलं. तिनं नवऱ्याकडे भीत भीत पाहिलं.

"मला माहीत होतं," तो म्हणाला. "दूध करपून भांडं काळं झालं आणि तू शेजारी उभी राहून गाणं म्हणत होतीस. तेव्हाच कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोलतेस, मी चालवतो. ठरलंय ना आपलं?"

ती रडली, हसली, त्याच्या दंडावर एक चापट मारली. मुलगा दोघांकडे बघत होता. "पुढच्या फेरीला," तो म्हणाला, "मी आलो तर चालेल? फाट्यावर उभा राहीन. बाबांएवढं नाही, पण नाक बरं आहे माझं."

"ये," ती म्हणाली. "पण मेणबत्ती वाकून धरायला शीक आधी."

तेवढ्यात सून वरून आली. हातात बाबांचा पेला. "मावशी, हा खिळ्यावर होता ना? खालच्या पायरीवर सापडला. उभा ठेवलेला." पेल्यावर उन्हाळ्यापासूनची धूळ तशीच होती. फक्त काठाशी, एकमेकांना लागून, धूळ उडालेले दोन स्वच्छ डाग होते. नखाच्या टोकाएवढे.

बस परतीला लागली. वेलींवर पिवळट ऊन उतरलं होतं. फाटा आला, नवऱ्यानं बस थांबवली आणि दार उघडलं.

"चुकून?" तिनं विचारलं.

"नाही," तो म्हणाला.

दाराजवळच्या सीटची स्प्रिंग कुरकुरली. तुटक, उठताना कुरकुरते तशी. पायरीचा पत्रा एकदा वाजला. नवऱ्याचा हात दाराच्या खटक्यावर होता, पण त्यानं तो दाबला नाही. वाकलेल्या माणसाला दोन पायऱ्या उतरून, कोट सारखा करून, रस्त्याला लागायला जेवढा वेळ लागतो, तेवढं तो थांबला. मग त्यानं दार हळू लावलं.